कापडी: यात्रेकरूचं जुनं नाव वस्त्रावरून का पडलं?

खाडीकाठ

गुहागर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरी मोडीतल्या खर्चवह्यांचं एक गाठोडं आहे. वाळवीने बरंच खाल्लंय, उरलंय ते सध्या वाचून घेतोय. सुपारीची विक्री, पाटाच्या दुरुस्तीची मजुरी, तरीचे म्हणजे होडीने खाडी ओलांडण्याचे पैसे, देवळातला अभिषेक असा नेहमीचा जमाखर्च. पण एक नोंद पुन्हा पुन्हा येते: 'कापडी यास शिधा'. एका पानावर तर 'रामेश्वरास जाणार कापडी, तांदूळ, डाळ, तूप, दक्षिणा' असं सविस्तर लिहिलंय.

घरच्यांचं म्हणणं पडलं, कापड विकणारा फेरीवाला असेल. पण फेरीवाल्याला कुणी शिधा देतं का? आणि दक्षिणा? मराठी कोश उघडले तर कापडी शब्दाला कापडविक्या हा अर्थ आहेच, शिवाय दुसराही आहे: तीर्थाचं पाणी कावडीतून वाहून नेणारा यात्रेकरू. आमच्या वहीतला कापडी हाच.

मग या शब्दाच्या मागे लागलो. संस्कृतात कर्पट म्हणजे जुनेर, ठिगळाचं वस्त्र. ते पांघरणारा तो कार्पटिक. त्याचाच मराठीत कापडी झाला. म्हणजे आपलं रोजचं कापड आणि हा यात्रेकरू एकाच घरातले.

इथवर कुणीही येईल. मला खरी गोष्ट पुढे सापडली. वायुपुराणातल्या गयामाहात्म्यात यात्रेला निघण्याचा विधी दिलाय. आधी घरी श्राद्ध करायचं. मग 'विधाय कार्पटीवेषम्', म्हणजे कार्पटीचा वेष घ्यायचा, गावाला प्रदक्षिणा घालायची, दुसऱ्या गावी जाऊन श्राद्धातलं उरलेलं अन्न खायचं, आणि तिथून रोज वाट चालायची ती कुणाचंही दान न घेता. काशीच्या नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात 'त्रिस्थलीसेतु' लिहिला, त्यातही हा विधी आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात, १९५३ साली, तीर्थयात्रेचा सगळा भाग एकत्र मांडलाय आणि कार्पटीवेष म्हणजे काय तेही सांगितलंय: तांब्याची अंगठी, तांब्याचं कडं आणि काषाय, म्हणजे भगवट तांबूस वस्त्र. काणे आपल्याच चिपळुणाजवळच्या पेढे-परशुरामचे, म्हणून वाचताना जरा जास्त अभिमान वाटला.

माझं म्हणणं असं की कापडी ही मुळात जात नव्हती, पंथही नव्हता आणि भिकाऱ्याचं नाव तर नव्हतंच. घरदार असलेला, शेतीभाती असलेला कुणीही माणूस ते वस्त्र अंगावर घेतल्यापासून ते उतरवेपर्यंत कापडी असायचा. वस्त्र बदललं की माणसाचं नातं बदलायचं. मग तो अमक्याचा मुलगा किंवा तमक्या गावचा खोत राहत नसे.

तुमच्याकडे हा शब्द कुणाच्या तोंडी ऐकलाय का? जुन्या कागदांत, ओव्यांत, आडनावांत?

घाटमाथा

उत्तम धागा. ध्वनींची वाट अगदी सरळ आहे, ती मांडतो. संस्कृत जोडाक्षरातला रफार प्राकृतात जातो आणि पुढचं अक्षर दुहेरी होतं. मराठीत ते दुहेरी अक्षर एकेरी होतं आणि आधीचा स्वर लांबतो. सर्प, सप्प, साप. कर्म, कम्म, काम. तसंच कर्पट, कप्पड, कापड. दोन स्वरांमधल्या ट चा ड होणंही नेहमीचंच, घोटकाचा घोडा झाला तसा. कार्पटिकाचं प्राकृतात कप्पडिअ, आणि शेवटी कापडी. कुठेही ओढाताण नाही.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांनी बाळगावी. कपट आणि कर्पट हे वेगळे शब्द आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांचे प्रकार दिलेत, त्यात पहिलाच 'कापटिक', विद्यार्थ्याच्या सोंगातला हेर. तो कपटावरून. आपला कार्पटिक कर्पटावरून. दिसायला फरक एका रफाराचा, पण दोघांची सरमिसळ जुनी आहे. मोनिअर विल्यम्सच्या संस्कृत कोशात कार्पटिकाचे अर्थ बघा: यात्रेकरू, पवित्र नद्यांचं पाणी वाहून पोट भरणारा, यात्रेकरूंचा तांडा, विश्वासू सेवक, आणि त्याच ओळीत लबाड, ठकसुद्धा. शेवटचा अर्थ मला शेजारच्या शब्दाच्या संगतीने चिकटलेला दिसतो. अर्थात भगव्या वस्त्रात फिरणारे सगळेच सज्जन नव्हते, त्याचाही हातभार असेल.

'विश्वासू सेवक' हा अर्थ कथासरित्सागरात भेटतो. वेताळाच्या एका गोष्टीत ताम्रलिप्तीच्या राजा चंडसिंहाच्या दारात दक्षिणेकडून आलेला सत्त्वशील नावाचा एक राजपुत्र चाकरीच्या आशेने कार्पटिक होऊन पडून राहतो. तिथे देव नाही, राजा आहे. पण फाटकं वस्त्र घालून एका दाराशी निष्ठेने थांबणं तेच.

सुरंगी

खाडीकाठदादा, माझं माहेर पेणकडचं. आमच्या आजीच्या बोलण्यात 'कापडी' होता, पण तिच्या लेखी अर्थ एकच: गंगेची कावड आणणारा. "कापडी आला की गंगाजळी भरून घ्यायची" असं ती सांगायची. गंगाजळी म्हणजे गंगेचं पाणी भरून तोंड डाक लावून बंद केलेला तांब्याचा छोटा गडू. आमच्या देवघरात होता. तो उघडायचा एकदाच, घरातल्या कुणाच्या शेवटच्या घोटासाठी. आता बातम्यांत 'परकीय चलनाची गंगाजळी' ऐकते तेव्हा नव्या पिढीला सांगावंसं वाटतं, की अडीअडचणीला राखून ठेवलेली ठेव हा अर्थ त्या बंद गडूवरून आला.

आणि पेणचा विषय निघालाच आहे तर वरसईच्या विष्णुभट गोडशांना कसं विसरायचं? १८५७ साली घरचं कर्ज फिटावं म्हणून मथुरेच्या यज्ञाची दक्षिणा मिळवायला हा माणूस उत्तरेत गेला आणि बंडाच्या धामधुमीत सापडला. झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला. लुटले गेले, उपाशी राहिले. पण परतताना गंगेची कावड घेऊन आले आणि वरसईला आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातलं. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापला गेला. लोक तो बंडाची हकीकत म्हणून वाचतात. मी वाचते ती एका मुलाने आईवडिलांसाठी खांद्यावरून आणलेल्या पाण्याची गोष्ट म्हणून. पैसे हाती लागले नाहीत, पण कावड खाली ठेवली नाही त्यांनी.

यात्रेहून परत आल्यावर गंगापूजन आणि मावंदं व्हायचं. आजकाल मावंदं हा शब्द सांगितला तरी कळत नाही. काशीयात्रा करून आलेला गावजेवण घालायचा ते मावंदं. ते झालं की तो पुन्हा संसारात आला असं धरायचे. तुमच्या 'वस्त्र उतरवेपर्यंत' या मुद्द्याशी हे जुळतंय बघा.

रांपण

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

खाडीकाठ, तुम्ही म्हणता कापडी ही जात किंवा धंदा नव्हे, घरंदाज माणसाचा काही काळाचा वेष होता. पण घाटमाथा यांनी दिलेल्या अर्थांत 'पाणी वाहून पोट भरणारा' स्पष्ट आहे. सुरंगीताईंची आजीसुद्धा तेच सांगतेय. तुमच्या वहीतला कापडी शिधा घेतो, दक्षिणा घेतो. पुराणातला कार्पटी तर दान घेत नाही! म्हणजे तुमच्या वहीतला माणूस पुराणातला नव्हे. तो कष्टकरी होता. काशीहून रामेश्वरापर्यंत दुसऱ्याच्या पुण्याचं ओझं वाहून नेणारा मजूर. शास्त्राच्या पोथीवरून त्याला पुसून टाकू नये असं मला मनापासून वाटतं. आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या इतरांची ओझी वाहिली आहेत, बंदरावर आणि घाटात. ओझं वाहणाऱ्याचं नाव कागदावर फार कमी वेळा येतं. इथे आलंय तर त्याचंच राहू द्या.

खाडीकाठ

रांपण, राग कसला? मुद्दा वजनदार आहे आणि तो धाग्यात राहायलाच हवा.

दान न घेण्याचा नियम सांगणाऱ्या त्याच शास्त्राला मोलाने यात्रा करणारा माणूसही ठाऊक होता. त्रिस्थलीसेतूत येणारं एक जुनं वचन आहे: दुसऱ्यासाठी जो तीर्थाला जातो त्याला फळाचा सोळावा हिस्सा, आणि दुसऱ्या कामाने जाता जाता ज्याला तीर्थ घडतं त्याला अर्धं फळ. म्हणजे 'परार्थेन' जाणारे लोक इतके होते की त्यांचा हिशेब घालून द्यावा लागला. व्यापाराला गेलेल्याला अर्धं पुण्य आणि दुसऱ्याचं पाणी खांद्यावर घेऊन शेकडो कोस चालणाऱ्याला सोळावा भाग, हे मला अन्यायाचं वाटतं. तुम्हालाही वाटेल.

तेव्हा माझ्या मते शब्दाचे दोन थर आहेत. खालचा थर वेषाचा: ज्याने कर्पट पांघरलं तो. वरचा थर कामाचा: त्या वेषात कायमचा राहून पाणी वाहणारा. घरचा माणूस यात्रा संपवून वस्त्र उतरवायचा. ज्याचं पोट वाटेवरच होतं त्याने ते उतरवलं नाही. नाव त्याच्याकडे राहिलं, कारण वर्षानुवर्षं दारात येताना दिसायचा तो तोच.

बाणकोट

अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार. धागा वाचताना अंगावर काटा आला, म्हणून लिहितोय. आम्ही कोकणी मुसलमान. आमच्याकडे हाजी होणाराही वस्त्राने होतो. इहराम म्हणजे पुरुषांसाठी दोन बिनशिवलेली पांढरी कापडं, एक कमरेला, एक खांद्यावर. ते घातलं की केस कापायचे नाहीत, अत्तर लावायचं नाही, शिकार करायची नाही, भांडायचं नाही. श्रीमंत-गरीब ओळखू येत नाही. विधी पूर्ण झाले की इहराम उतरतो. खाडीकाठसाहेब, तुमचं 'वस्त्र बदललं की माणसाचं नातं बदलायचं' हे वाक्य माझ्या दादाजींना फार आवडलं असतं.

ते मुंबईहून बोटीने हजला गेले होते. आपल्याकडून समुद्राने जाणाऱ्यांना यलमलम या ठिकाणाची हद्द पार करण्याआधी इहराम बांधावा लागतो. बोटीवर तशी हाक द्यायचे, आणि बघता बघता सगळ्या डेकवर पांढरं पांढरं व्हायचं, असं ते सांगत. मुंबई-जेद्दा बोट १९९५ साली बंद झाली. आता लोक विमानात बसायच्या आधीच इहराम बांधतात.

आणि पाणी! हज करून येणारा मक्केतल्या जमजम विहिरीचं पाणी आणल्याशिवाय येतच नाही. नातेवाईक, शेजारी, सगळ्यांना घोट घोट वाटतात. शेजारच्या हिंदू घरांतूनही ते श्रद्धेने घेताना मी पाहिलंय. शेवटच्या क्षणी तोंडात जमजम घालायची पद्धत आमच्याकडेही आहे, सुरंगीताई.

एक फरक मात्र आहे. हाजी हे नाव इहराम उतरवला तरी जात नाही. दादाजी गेले तोपर्यंत हाजीसाहेबच होते. तुमचा कापडी मावंदं झालं की पुन्हा आपल्या जुन्या नावाचा.

दाभोळच्या खाडीकाठची घुमटाची मोठी मशीद बऱ्याच जणांनी पाहिली असेल. विजापूरच्या आदिलशाही घराण्यातली एक शहजादी मक्केला निघाली, दाभोळपर्यंत आली, पण पुढे जाता आलं नाही, आणि बरोबरचा खजिना तिने मशिदीला लावला असं परंपरेने सांगतात. यात्रेच्या अलीकडच्या काठावर राहिलेल्यांचीही आठवण असावी, म्हणून लिहिलं.

सुरंगी

बाणकोटभाई, किती छान लिहिलंत. जमजम आणि गंगाजळी शेजारी शेजारी ठेवून मी कधी पाहिलंच नव्हतं.

पायरहाट

रत्नागिरीत आमच्या शेजारी कच्छी कुटुंब आहे. त्यांच्या पूर्वजांची गलबतं मंगलोरी कौलं घेऊन या किनाऱ्यावर यायची. त्यांच्याकडे 'कापडी' हा शब्द आजही जिवंत आहे. कच्छमध्ये कापडी हा साधूंचा पंथच आहे, माता नो मढच्या आशापुरा देवीच्या स्थानाशी जोडलेला. आणि मेकरण दादांची गोष्ट तिथलं पोरगंही सांगेल. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ध्रंगला राहिलेले हे कापडी संत. कच्छच्या रणात वाट चुकलेल्यांना पाणी मिळावं म्हणून त्यांनी लालियो गाढव आणि मोतियो कुत्रा शिकवून तयार केले होते. पाठीवर पाणी घेऊन गाढव निघायचं आणि कुत्रा वास घेत तहानलेला माणूस शोधायचा.

आपल्याकडे एकनाथमहाराजांची कथा उलट बाजूने येते. काशीची कावड रामेश्वराला नेताना वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला त्यांनी तेच पाणी पाजलं. एकीकडे गाढवाने माणसाला पाणी दिलं, दुसरीकडे माणसाने गाढवाला. दोन्हीकडे मध्ये कापडीची कावड आहे. कावड नेमकी कुठे रिती करायची हा प्रश्न या परंपरेनेच स्वतःला विचारून घेतला होता, असं मला वाटतं.

कातळसडा

मी देवगडचो. आमच्या तोंडात 'कापडी' नाय, पण 'जत्रेकरी' आसा. तुमी माणसांच्या यात्रेबद्दल बोलतास, आमच्याकडे देवच यात्रेक जातत! म्हाशिवरात्रीक कुणकेश्वराक गावागावचे देव तरंगांवांगडा (तरंग म्हणजे देवाचो वस्त्रां नेसवलेलो खांब) येतत, रातभर वाट चालत, मानकरी, ढोल, सगळो गाव फाटसून. मगे समुद्रात तीर्थस्नान. काय काय देव वर्षानुवर्षां येवक नाय, आणि मगे एका वर्षी कौल लागता नि ते निघतत. तरंगाक नेसवतत ती लुगडी बघा कधी. देव यात्रेक निघतलो तर तेकाय नवीन वस्त्र लागताच.

कुणकेश्वराक कोकणची काशी म्हणतत. काशीक जावक ज्येका जमणा नाय तो हय येता.

घाटमाथा

कातळसडा यांनी जत्रा आणली ते बरं झालं. संस्कृत 'या' म्हणजे जाणे, त्यावरून यात्रा, आणि त्याच यात्रेचं घरगुती रूप जत्रा. एकाच शब्दाची दोन मुलं वेगळ्या स्वभावाची निघाली. यात्रा म्हणजे आपण देवाकडे जायचं. जत्रा म्हणजे ठरल्या दिवशी देवाभोवती सगळ्यांनी जमायचं. कुणकेश्वरला मात्र दोन्ही एकाच रात्री घडतं.

वारकरी शब्दाची गोष्ट तिसरी. वार म्हणजे खेप, पाळी. ठरल्या तिथीला पुन्हा पुन्हा जाणं ती वारी. ज्ञानेश्वरांच्या अभंगात 'विठ्ठलाचा वारीकर' असं रूप येतं, म्हणजे शब्द निदान तेवढा जुना आहे. कापडी आणि वारकरी यांच्यातला फरक इथे आहे. काशीला माणूस आयुष्यात एकदा जायचा, परत येईल की नाही याची खात्री नसायची. म्हणून निघताना श्राद्ध, निरोप, वेषांतर. वारकरी दरवर्षी जातो आणि दरवर्षी घरी येतो. त्याला वेष बदलावा लागत नाही, गळ्यात माळ असते ती बाराही महिने असते. एकाला नाव वस्त्राने दिलं, दुसऱ्याला खेपेने.

रांपण

कोकणातल्या वारकऱ्याबद्दल एक भर. आषाढी म्हणजे आमच्या लावणीचे दिवस. चिखलात उभं पीक सोडून पंढरपूरला कोण जाणार? म्हणून आमच्या गावातून कार्तिकीलाच जातात, भात कापून झाल्यावर. काही घरांतून माघीला जातात. पांडुरंगाला भाताचं वेळापत्रक कळतं, असं आमचे आजोबा म्हणायचे.

आणि वर दिलेलं उत्तर पटलं, खाडीकाठ. 'नाव त्याच्याकडे राहिलं' हे बरोबर. पण एक शंका उरते. काशीहून रामेश्वराला जाणारा माणूस गुहागरला कशाला वाकडी वाट करेल? देशावरून सरळ रस्ता होता. सह्याद्री उतरायचा, इतक्या खाड्या ओलांडायच्या, आणि पुन्हा दक्षिणेकडे?

खाडीकाठ

हा प्रश्न मलाही पडला होता. दोन उत्तरं सुचतात.

एक म्हणजे किनाऱ्यावरची शिवस्थानं. नकाशा काढून बघा: हरिहरेश्वर, गुहागरचा व्याडेश्वर, वेळणेश्वर, राजापूरचा धूतपापेश्वर, कुणकेश्वर, आणि पुढे गोकर्ण महाबळेश्वर. ही सगळी माळ धरून माणूस गोकर्णापर्यंत आणि तिथून रामेश्वराकडे जाऊ शकतो. ज्याला प्रत्येक लिंगावर गंगेची धार धरायची आहे त्याला ही वाट वाकडी नाही. त्यात व्याडेश्वर हे कितीतरी कोकणस्थ घराण्यांचं कुलदैवत. कुलदैवताला गंगोदकाचा अभिषेक घडावा म्हणून यजमान शिधा-दक्षिणा देणार, हे ओघाने आलं.

दुसरं असं की रामेश्वराची खेप एकाच बाजूची नसते. गंगेचं पाणी रामेश्वराला वाहायचं आणि सेतूची वाळू परत गंगेत नेऊन सोडायची, तेव्हा यात्रा पुरी. जाताना एक वाट आणि येताना दुसरी धरली तर वाटेत अधिक तीर्थं घडतात.

खाड्यांची अडचण खरीच. पण ती ओलांडायची सोयही गावोगावी होती. माझ्या वहीत 'तरीचे पैसे' उगाच नाहीत.

घाटमाथा

'तर'! खाडीकाठ, तुम्ही हा शब्द सहज लिहून गेलात, पण तो या धाग्याच्या पोटातला आहे. तॄ म्हणजे तरून जाणं, पार होणं. त्यावरून तीर्थ, म्हणजे मुळात नदीचा उतार, पाण्यातून पलीकडे जाण्याची जागा. आणि त्यावरूनच तर, तुमच्या खाडीतली होडीने पलीकडे नेण्याची सोय. देशावर हा शब्द आता ऐकू येत नाही. कोकणात खाडीवर पूल झाले तरी म्हातारी माणसं 'तरीवर भेटू' म्हणतात. तरीतून उतरून तीर्थाला जाणारा कापडी एकाच धातूच्या दोन रूपांमधून चालत होता.

कातळसडा

राजापूरची गंगा रवली काय? उन्हाळे गावाक गंगा इली म्हणान कळला की पयले सगळे धावत. साधारण तीन वर्सांनी येता म्हणतत, पण तिचा काय नेम नाय. पयला उन्हाळ्याच्या गरम पाण्याच्या झऱ्यात न्हावचा, मगे गंगेच्या कुंडांत, मगे धोपेश्वराक. चवदा कुंडां आसत थय, तेतूर एक काशीकुंड. ज्येंच्या पायांक काशी लांब, तेंच्याकडे गंगाच चलत येता असा आमची आवस म्हणा.

पायरहाट

एक तांत्रिक शंका. मोडीत लिहिताना लेखणी न उचलता घाईने ओढतात. तुमची नोंद 'कापडी' ऐवजी 'कावडी' असण्याची शक्यता तपासलीत का? दोन्हींचा अर्थ इथे लागू होतो, त्यामुळे संदर्भावरून निकाल लागणार नाही.

खाडीकाठ

तपासलं. मोडी वाचून देणाऱ्या मित्रालाही हीच शंका आली होती. सुदैवाने एका पानावर दोन्ही शब्द एकाच ओळीत आहेत: 'कापडी कावड घेऊन आला, व्याडेश्वरी अभिषेक'. प आणि व शेजारी शेजारी पडलेत आणि वळणं वेगळी दिसतात. ते पान हाताशी धरून बाकीच्या नोंदी ताडून पाहिल्या. बहुतेक ठिकाणी कापडीच आहे.

अजून एक लक्षात आलं. या नोंदी पावसाळ्यात अजिबात नाहीत. दिवाळीनंतर सुरू होतात, महाशिवरात्रीच्या आसपास दाट होतात आणि वैशाखापर्यंत विरळ होत जातात. चातुर्मासात वाट बंद, खाडीवरची तरही बंद. कापडी तेव्हा कुठेतरी देवळाच्या ओवरीत मुक्काम करून असणार.

ज्यांच्या घरी जुनी दप्तरं आहेत त्यांना विनंती: माघ-फाल्गुनाची पानं आधी बघा. कापडी, कावड, गंगापूजन, मावंदं, रामेश्वर, गोकर्ण हे शब्द शोधा. कागद ओला असेल तर उलगडायची घाई करू नका, सावलीत सुकू द्या आणि मगच फोटो काढा. कापडीचं नाव-गाव कुठे लिहिलेलं सापडलं तर जरूर कळवा, रांपण यांच्यासाठी. आमच्या वहीत अजून एकाचंही नाव मिळालेलं नाही, पण दोन वह्या वाचायच्या बाकी आहेत.

रांपण

आमच्याकडे वह्या नाहीत, लिहिणारं कुणी नव्हतं. पण तरीवर काम केलेले एक आजोबा वाडीत आहेत, नव्वदीच्या पुढचे. त्यांच्या वडिलांनीही तीच तर चालवली. रविवारी जाऊन विचारतो, कावडवाल्यांकडून पैसे घ्यायचे का ते.